लोणारचे पाणी आणि लोणारचा खार

गेल्या हिवाळ्यात येथील काही मराठी मंडळींच्या घरगुती बैठकीत मृत समुद्राची गोष्ट निघाली. आमच्यापैकी एक गृहस्थ सरकारी कामानिमित्त इस्रायलला जाऊन नुकतेच बंगळुरास परतले होते. त्यांनी एक छायाचित्र दाखविले. पाण्यावर ते उताणे पडलेले आहेत आणि दोन्ही हातांत वर्तमानपत्र धरून स्वस्थपणे वाचीत आहेत, असा तो देखावा होता. ज्या माणसाला पोहण्याचा एकही हात येत नाही तो खोल पाण्यावर गादीवर निजावे तसा निजलेला पाहून मंडळींची मोठी करमणूक झाली. कोणी म्हणाले, "असा एक दिवस मिळावा, ना फाइल, ना टपाल." मग साहजिकच प्रश्न आला की, आपल्याकडे असे काही आहे काय? आम्ही बुलढाणा जिल्ह्याचे. जन्मभूमीचा अभिमान परमुलखात जरा फाजीलच होतो. आम्ही चटकन बोलून गेलो, "आहे की! आमचे लोणार."

बोलून गेलो खरे, पण घरी परतताना मन खाऊ लागले. लोणारचे पाणी खारे आहे हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक. परंतु त्यावर माणूस तरंगतो काय, हे आम्ही कधी पाहिले नव्हते, कोणास विचारलेही नव्हते. ज्या गावापासून आमचे मूळ घर जेमतेम दहा-बारा कोसांवर, त्याविषयी आम्ही परक्या शहरात छातीठोकपणे विधान केले आणि त्यास आधार काडीचाही नव्हता. कचेरीत अशी टिप्पणी कोणी लिहिली तर तिच्यावर लाल शाईची रेघ ओढण्याचे कामच आमच्याकडे आहे! तेव्हा उन्हाळ्याच्या रजेत गावी जाऊन या गोष्टीचा निकाल लावावा असे ठरविले, आणि तोपर्यंत संध्याकाळी ग्रंथालयात बसून लोणारविषयी मिळेल ते वाचण्यास आरंभ केला.

तरंगण्याचा विषय आधी संपवून टाकू. मृत समुद्र हा नावाचा समुद्र. वस्तुतः ते सरोवरच आहे. त्याचा काठ समुद्रसपाटीहून चारशे मीटरांपेक्षाही खाली असून जॉर्डन नदी त्यात येते, बाहेर मात्र काहीच जात नाही. जाते ती फक्त वाफ, आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हा व्यवहार चालल्याने तेथील पाणी साध्या समुद्राच्या पाण्याहून सुमारे दहापट खारे झाले आहे. ते साध्या पाण्याहून जवळजवळ पाव हिश्शाने जड भरते. म्हणून माणसाच्या देहाचा पाचवा हिस्सा पाण्याबाहेरच राहतो, बुडावे म्हटले तरी बुडता येत नाही. पहिल्या शतकात रोमन सेनापती व्हेस्पेशियन याने काही पोहता न येणाऱ्या माणसांचे हात पाठीशी बांधून त्यांस या पाण्यात टाकविले आणि ती सारी वर आली, असे योसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. सेनापतीच्या करमणुकीसाठी ज्यांचे हात बांधले गेले त्यांची नावे योसेफस देत नाही. आमच्या मित्राच्या हातात निदान वर्तमानपत्र तरी होते. जाता जाता एक सांगावेसे वाटते. याच सरोवरापासून फार दूर नसलेल्या दिमोना गावात कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या घरांत मराठी बोलली जाते. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या शेजारी राहणारे मराठी भाषिक तेथेही आहेतच.

आता आमच्या प्रवासाकडे वळू. सिकंदराबादेस गाडी बदलून आम्ही जालन्यास उतरलो व तेथून एस. टी.ने मेहकरचा रस्ता धरला. या रस्त्यावर सिंदखेडराजा लागते. लखुजी जाधवरावांचा वाडा तेथे आहे. १५९८ साली जिजाबाईंचा जन्म या गावी झाला. आम्हां बंगळूरकरांना या गावाविषयी अधिक आपुलकी वाटावयास एक कारण आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला. १६४० च्या सुमारास जिजाबाई व बाल शिवाजी काही काळ येथे राहून गेले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवालयात एकोजीराजांचा १६६९ सालचा शिलालेख आजही आहे. आम्ही दर सोमवारी भाजी घेऊन परतताना त्या देवळावरून जातो. म्हणजे आम्ही आज सिंदखेडकडचे लोक नोकरीपायी ज्या शहरात येऊन पडलो आहोत, तेथे सिंदखेडची ही लेक पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी येऊन गेली होती. लोणारच्या खाऱ्या तळ्याची कथा तिने माहेरी ऐकली असेल काय, असा विचार एस. टी.च्या खिडकीशी बसून आमच्या मनात आला. पुरावा अर्थातच नाही.

मेहकरास आमच्या आत्याबाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे, कानांनी थोड्या कमी, बाकी सर्व ठीक. त्यांना आम्ही आमचा बेत सांगितला. खाऱ्या पाण्यावर पाठ टेकून पडावयाचे आहे, हे ऐकताच त्यांनी हातातली सुपली खाली ठेविली. "अरे बाप्पा," त्या म्हणाल्या, "तिथं लोक पितरांले पानी देतात, अन् तू त्या पान्यावर निजतं?" आम्ही निरुत्तर झालो. मोठमोठ्या ग्रंथांतून पुढे आम्ही जे काढले त्याचा अर्धा भाग आत्याबाईंच्या या एका वाक्यात होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी लोणारास पोहोचलो. काठावर उभे राहिले की प्रथम विश्वासच बसत नाही. भोवती वऱ्हाडातली नेहमीची काळी, सपाट जमीन, आणि मध्येच ही सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची गोल परात. कड्यापासून तळापर्यंत दीडशे मीटरांच्या आसपास खोल. आत उतरणीवर दाट झाडी, मोर आणि वानरे, आणि बुडाशी हिरवट पाणी. पायवाटेने खाली उतरताना वाराही बदलतो. काठच्या चिखलाचा कुजट, गंधकासारखा वास नाकाशी येऊ लागतो. त्या वासात निजून वर्तमानपत्र वाचण्याची कल्पना तेथेच निम्मी मेली. उरलेली निम्मी फलक वाचून मेली, कारण हा भाग २००० सालापासून अभयारण्य आहे व पाण्यात उतरावयाचे नाही. आणि उतरलो असतो तरी उपयोग नव्हता. लोणारचे पाणी पावसाळ्या-उन्हाळ्याप्रमाणे कमी-अधिक खारे होते. अलीकडच्या मापनांत तर ते समुद्राच्या पाण्याहूनही कमी खारे भरले आहे. ज्याला मुंबईच्या चौपाटीवर तरंगता येत नाही त्याला लोणारातही येणार नाही. आमचे विधान साफ चुकीचे होते, आणि ते आम्ही येथे मागे घेतो.

परंतु काठाशी वाकून आम्ही दोन बोटे पाण्यात बुडविली, आणि ती एकमेकांवर घासताच साबण लागल्यासारखी निसरडी झाली. समुद्राचे पाणी असे करीत नाही. लोणारचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. हे पाणी मिठाचे आहे त्याहून अधिक खाराचे आहे. त्यात साध्या मिठाच्या जोडीला सोडा विरघळलेला असल्याने ते तीव्र अल्कधर्मी आहे. मराठीत मीठ वेगळे आणि खार वेगळा. आपल्या बायकांना हा भेद पापड लाटताना नेमका कळतो, पुरुषमंडळी मात्र दोहोंस खारटच म्हणतात. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे लोणारचा सारा इतिहास उलगडू लागतो.

पुराणांतली कथा सर्वश्रुत आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहून लोकांस छळीत असे. विष्णूने सुंदर बालकाचे रूप घेऊन, पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून दिले आणि निजलेल्या दैत्याचा वध केला. झाकण दूर ढाकेफळाजवळ जाऊन पडले व त्याची टेकडी झाली; दैत्याचे रक्त ते सरोवराचे पाणी, मांस तो खार. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर याच कथेचे; बाराव्या शतकाच्या सुमाराचे हे मंदिर कोरीव कामासाठी पाहण्यासारखे आहे. आमच्या मते ते वेरूळहून परतणाऱ्या प्रवाशाने चुकवू नये, पण चुकवतात. या कथेत एक गोष्ट आम्हांस विलक्षण वाटली. भूशास्त्राचा गंधही नसलेल्या काळात लोकांनी या खळग्याकडे पाहून असे ठरविले, की येथे कधीतरी काहीतरी प्रचंड जोराने घडले, आणि जमिनीचा एक तुकडा आकाशात उडाला.

याहून आम्हांस जवळचा वाटला तो अबुल फजल. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराच्या ताब्यात गेले आणि त्यानंतर दोनेक वर्षांत, म्हणजे जिजाबाईंच्या जन्माच्याच सुमारास, 'आईन-ए-अकबरी' पुरी झाली. तीत मेहकर सरकारच्या वर्णनात लोणार येते. ब्राह्मण या स्थळास विष्णुगया म्हणतात असे तो सांगतो; पितरांच्या उद्धारासाठी गया तीन, एक बिहारातली ब्रह्म्याची, एक विजापूरजवळची रुद्राची, आणि ही तिसरी. तळे कोसभर लांब, कोसभर रुंद, भोवती उंच डोंगर. पाणी खारट, पण मधून किंवा काठाकडून घेतले तर गोड. आणि याच दमात पुढे: काच आणि साबण यांस लागणारे द्रव्य येथे मिळते, सोराही निघतो, व त्यापासून बरा महसूल येतो! पितरांचा मोक्ष आणि सरकारचा वसूल यांस एकाच परिच्छेदात बसविणारा हा लेखक आमच्याच धंद्याचा, हे ओळखावयास वेळ लागला नाही. त्याच्या नोंदीत भक्ती नाही, कुचेष्टाही नाही. जे आहे ते लिहिले आहे.

पाणी काठाकडे गोड असते, हे त्याचे म्हणणे आम्हांस प्रथम ऐकीव वाटले होते. परंतु सरोवराच्या काठी कमळजादेवीचे देऊळ आहे, त्याच्याजवळच सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारे, अशी तिची ख्याती. गोड बाजू सासूची की सुनेची, यावर तेथे आलेल्या दोन कुटुंबांत आमच्यासमक्ष वाद झाला. विहिरीमागचे कारण साधे आहे: कड्यातून झिरपणारे गोडे पाणी काठाशी येते आणि तेथे खाऱ्या पाण्यास भेटते. अबुल फजलास कोणी तरी स्थानिक माणसानेच हे सांगितले असणार. तो माणूस कोण, हे अर्थातच 'आईन'मध्ये नाही.

त्यानंतरचा लोणारचा इतिहास महसुलाच्या वह्यांतूनच चालतो. वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा हक्क गेला व मुलूख निजामाकडे राहिला. १८५३ मध्ये निजामाच्या फौजेच्या खर्चापोटी तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. राजे बदलले तरी उन्हाळा बदलत नाही. वैशाखात पाणी आटले की काठ उघडे पडत आणि त्यांवर खार साचे. लोक चिखलात उतरून तो काढीत. या खाराच्या जाती होत्या आणि प्रत्येक जातीस नाव होते: डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. इंग्रज रसायनज्ञांनी पुढे या पाच-सहा जातींचे पृथक्करण करून कोणात सोडा किती व मीठ किती याचे तक्ते तयार केले, पण नावे त्यांनी तशीच ठेविली, कारण त्यांच्याकडे दुसरी नव्हती. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्राने जे काचेच्या नळीत वेगळे केले, ते काठावरच्या माणसांनी डोळ्यांनी आणि जिभेने आधीच वेगळे केलेले होते.

मग व्यापार बसला. १८६० नंतर बेल्जियममध्ये सॉल्वे याने मिठापासून सोडा बनविण्याची स्वस्त कृती काढली, आणि कारखान्यांतील शुद्ध सोड्यापुढे चिखलातल्या खारास कोण विचारणार? आपल्याकडेही १९३९ मध्ये टाटांनी मिठापूरचा उद्योग उभारला. खाऱ्या पाण्याची एक वेगळी आठवण शेजारच्या अकोला जिल्ह्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारे. त्यापासून मीठ करीत, आणि १९३० साली दहीहंडा येथे तशाच विहिरीवर वऱ्हाडकरांनी मिठाचा सत्याग्रह केला. समुद्र नाही म्हणून ते अडले नाहीत. ती हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.

शास्त्रज्ञांचा वाद थोडक्यात सांगतो, कारण तो आता बहुतेक मिटला आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी येथे आला आणि त्याने युरोपीय विद्वानांस या स्थळाची ओळख करून दिली. दख्खनचा सारा काळा दगड लाव्हारसाचा. तेव्हा हा खळगाही ज्वालामुखीचाच असणार, असे पुढची शंभर वर्षे बहुतेक मानले गेले. १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी येथील खोदकामातून निघालेल्या खडकांत प्रचंड आघाताने बनलेली काच दाखविली. चंद्रावरून नुकत्याच आणलेल्या दगडांशी तिचे साम्य होते. उल्का येथे पडली, हे तेव्हा ठरले. ती केव्हा पडली याविषयी मतभेद राहिले. पुष्कळ पुस्तकांत पन्नास हजार वर्षे हा आकडा छापतात, आर्गॉन वायूवरून केलेल्या पुढच्या गणिताने तो पावणेसहा लाखांच्या घरात जातो. लवणासुराच्या कथेत झाकण वर उडाले होते. शास्त्रात दगड वरून खाली आला. दिशा तेवढी उलटी.

तो दिवस आम्ही कमळजेच्या देवळाजवळ सावलीत काढला. दशम्या होत्या, पिठले होते, पाण्याची सुरई होती. पाण्यावर नाही, तरी पाण्याशेजारी आम्ही उताणे पडलो, आणि सहा वर्षांत प्रथमच दुपारी तीन वाजता घड्याळाकडे पाहिले नाही. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी एकाएकी गुलाबी झाले होते. उन्हाळ्याने पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव माजले, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. त्याच वर्षी सरोवराची गणना रामसर स्थळांत झाली. आम्ही गेलो तेव्हा ते आपले नेहमीचे हिरवे होते. गावाचे सांडपाणी आणि शेतातली खते सरोवरात येतात, ही तक्रार नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. मृत समुद्रास आता नदीचे पाणी पुरत नाही आणि तो वर्षाला मीटरभर खाली जातो. लोणारास भीती आहे ती नको त्या पाण्याची. खार हीच ज्याची ओळख, ते तळे गोडे होऊ लागले तर त्यातले कित्येक जीव, जे अन्यत्र फारसे सापडत नाहीत, ते राहावयाचे नाहीत. पण याचा विचार करणारे अधिकारी आहेत. आम्ही दुसऱ्या खात्यातले.

संध्याकाळी वर चढून धारेवर आलो. कड्याच्या माथ्याकडून गोमुखातून पडणारी ही धार बारमाही आहे, आणि पाणी इतके गार की दिवसभराचा घाम व तो कुजट वास एका क्षणात गेला. मंडळी तेथे स्नान करून पुढे श्राद्धविधीस बसतात. अबुल फजलाने बैलाचे तोंड कोरलेला झरा लिहिला आहे तो बहुधा हाच. सोमवती अमावास्येस त्याचे पाणी मोठ्या तळ्यास मिळते, एरवी नाही, असेही त्याने लिहिले आहे. आम्ही गेलो तो वार गुरुवार.

मेहकरास परत आलो तेव्हा आत्याबाई जाग्याच होत्या. तरंगलो नाही, हे ऐकून त्यांना समाधान वाटले. आम्ही मग टिपणवही काढली. लहानपणी त्यांच्या घरी पापडांसाठी लोणारचा खार येत असे, असे त्या मागे एकदा म्हणाल्या होत्या. म्हणून त्या पाच जातींची नावे आम्ही त्यांना एकेक करून मोठ्याने वाचून दाखविली. 'पापडी' म्हणताच त्या म्हणाल्या, "हो, पातय पातय असे." 'भुसकी' म्हणताच त्यांनी चिमटीत काहीतरी धरल्यासारखी बोटे चोळली आणि म्हणाल्या, "हे पिठावानी. हे सस्ती." उरलेली तीन नावे त्यांनी आम्हांस दोनदा वाचावयास लाविली. मग मान हलविली. त्यांच्या आईस माहीत असतील, म्हणाल्या; बैलगाडी घेऊन खार विकावयास जो येई, त्याच्याशी भाव आईच करीत असे. त्या गाडीवाल्याचे नाव काय, असे आम्ही विचारले. "खारवाला," आत्याबाई म्हणाल्या, आणि दिवा मालविण्यास सांगून कुशीवर वळल्या.